चौगुलेबाईंचं कॅलेंडर

"पाळीची तारीख किती तुमची?"

शाळेत रुजू होऊन मला पुरते दोन दिवससुद्धा झाले नव्हते. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सहा जणी, एक शिपाई आणि चहाची किटली. आणि दारातून आत येता येता एक धिप्पाड बाई मला हे विचारते! मी जयसिंगपूरच्या मगदुमांची मुलगी. आमच्या घरी या गोष्टीला नावच नव्हतं. आई नुसती भुवई उडवायची, की आम्ही बहिणी मुकाट्यानं मागच्या खोलीत जाऊन बसायचो. माझ्या हातातली बशी कलली आणि चहा नव्या पातळावर सांडला. शिपाई किटली तिथंच ठेवून पसार झाला.

"लाजायलाईस काय? पोटात दुखाय लागलं की हातात खडू धरवत न्हाई. त्या दिवशी तुझा तास मी घेतो. म्हणून विचारलं."

पहिल्या वाक्याला 'तुमची' आणि दुसऱ्याला थेट 'लाजायलाईस'! ह्या चौगुलेबाई. कोल्हापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या पी.टी.च्या बाई. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असं बोलतात हे मला ठाऊक होतं. पण बाईंनी 'मी घेतो' म्हटलं की समोरच्याला वाटायचं, झालं, आता हे काम झालंच. त्या दिवशी मी तारीख सांगितली नाही. महिन्याभरात आपणहून सांगितली, आणि सांगताना इतकं हलकं वाटलं की काय सांगू!

हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. बाईंचं वय असेल पंचेचाळीसच्या घरात. पांढरं पातळ खोचलेलं, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. आवाज असा की मैदानावर त्यांनी 'सावधान' म्हटलं की बाहेरच्या रस्त्यावरचे सायकलवाले पाय टेकायचे. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "येळच मिळाला न्हाई गं," आणि खो-खोचे खांब उचलायला निघून जायच्या.

वडील मंगळवार पेठेतल्या एका तालमीचे वस्ताद. बाई त्या तालमीच्या दारात वाढल्या. कोणत्या पैलवानाला किती दूध, किती बदाम, कोण किती झोपला, कुणाचं अंग जड झालंय, हे त्यांच्या वडलांना तोंडपाठ असे. "पैलवानाला नुसती सर्दी झाली तर अख्खी पेठ इचारपूस करती," बाई म्हणायच्या, "आणि पोरगी महिन्याला चार दिवस कण्हती, तिला कोपऱ्यात बसवून भाकरी सरकवत्यात. का? तिचं शरीर काय उसनं आणलंय?" हे बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे. राग तर असायचाच, पण त्याहून जास्त असायचा उत्साह. ह्या विषयावर बोलायला मिळालं की बाईंना दम धरवत नसे.

क्रीडासाहित्याच्या खोलीत, दाराच्या मागे त्यांचं ते कॅलेंडर. खो-खोच्या संघातल्या प्रत्येक मुलीनं स्वतःची खूण निवडायची. कुणाचं बदक, कुणाचा चमचा, कुणाची चांदणी. पाळी आली की लाल पेन्सिलीनं त्या तारखेवर आपली खूण काढायची. बाई त्यावरून सराव आखायच्या. चांदणीला आज पळवायची नाही, चमच्याला उद्यापासून हळूहळू. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ते दार ओढून घेतलं. "हे काय? बदकं? चित्रकलेचा वर्ग इथं भरतो का?" मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, देवा, आज बाईंना काहीतरी खोटं सुचू दे.

"पोरींच्या पाळीच्या तारखा हायत, साहेब," बाई म्हणाल्या. "बघा की, ह्या महिन्यात चौघींची एकदमच आली. आपला पळतीचा संघ निम्मा झाला. सामन्याच्या तारखा ठरवताना तुम्ही लोकं असलं काय बघतच न्हाई!"

साहेबांनी दार होतं तसं मागं ढकललं. शेऱ्यात त्यांनी 'क्रीडाविभागाच्या नोंदी व्यवस्थित' एवढंच लिहिलं.

शनिवारी शाळा सुटली की अकरावीच्या मुलींना त्या सतरंजीवर गोल करून बसवायच्या. कुठून तरी त्यांनी नर्सिंगचं जुनं पुस्तक पैदा केलं होतं. त्यातला 'संप्रेरक' हा शब्द त्यांना बिलकूल पसंत नव्हता. "हार्मोन म्हणा. सुटसुटीत हाय. तर डोक्यात हितं, वाटाण्याएवढी गाठ हाय एक. वाटाण्याएवढी! ती रक्तातनं चिठ्ठी धाडती खाली अंडाशयाला. अंडाशय दुसरी चिठ्ठी धाडतंय पिशवीला, की बाई गं, आतनं अस्तर तयार ठेव. पाव्हणा न्हाई आला तर हार्मोन उतरतंय, अस्तर गळतंय, आणि आपण म्हणतो कावळा शिवला. कसला कावळा? एवढा मोठा कारखाना दर महिन्याला चालतोय, आणि तुम्ही लाजताय? मला तर फेटा उडवावासा वाटतोय!"

गोलाच्या मागं मराठीची शिक्षिका असलेली मीही बसायची. एम.ए. झालेली, पण वाटाण्याएवढ्या गाठीची बातमी मला तिथंच पहिल्यांदा कळली.

आणि प्रयोग! बायकांच्या औषधांवर त्यांचा विश्वासही नव्हता आणि अविश्वासही नव्हता. त्या सरळ स्वतः घेऊन बघायच्या. अशोकाच्या सालीचा काढा तीन महिने. शतावरी दुधातून तीन महिने. जास्वंदीच्या कळ्या तुपात परतून तीन महिने. मग शिक्षकांच्या खोलीत निकाल जाहीर व्हायचा. "अशोकानं अंगावरनं जाणं थोडं कमी झालं असं वाटतंय, पण खात्री न्हाई. शतावरीनं दोन किलो वजन वाढलं, ते दुधाचं हाय. जास्वंद लागली चवीला झकास, तारीख हुती तितंच." एकदा एक विक्रेता स्त्रियांच्या टॉनिकच्या बाटल्या घेऊन शाळेत आला.

"हे काय करतं?" बाईंनी विचारलं.

"सगळंच करतं ताई. पाळी लवकर येत असेल तर उशिरा, उशिरा येत असेल तर लवकर."

"आरं वा! आणि ह्याला कळतंय कसं, कुणाला काय पायजे ते? बाटलीला डोळं हायत?"

बिचारा दोन नमुने ठेवून गेला. त्या बाटल्याही बाईंनी संपवल्या आणि निकाल दिला: गोड आहे.

फक्त एका गोष्टीवर त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. सणासुदीला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. त्या वेळी घरोघरी त्या नव्यानं शिरत होत्या. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायच्या. आमच्यातली एखादी म्हणाली, "सत्यनारायण आहे, गोळी घ्यावी म्हणते," की बाई एकदम गप्प होत. "डॉक्टरीणबाईला इचारून घे," एवढं बोलून उठून जात. इतक्या बोलक्या बाईंना इथंच काय होतं, ते मला सुशीच्या वेळी कळलं.

सुशी म्हणजे सुशीला, आमच्या संघाची कर्णधार. हुपरीहून रोज एस.टी.नं ये-जा करायची. घरी चांदीकाम, पैंजणं घडवायची. अंगानं काडी, पण पळायला लागली की समोरची मुलगी नुसती धूळ खायची. तिची खूण बदक. संक्रांत होऊन गेली होती. सकाळच्या सरावात सुशी खांबाला वळसा घालता घालता खाली बसली आणि ओकली. तोंड पांढरंफटक.

बाईंनी तिला उचलूनच क्रीडासाहित्याच्या खोलीत आणलं, सतरंजीवर निजवलं, लिंबूपाणी दिलं. मी सोबत. मग बाईंची नजर कॅलेंडरवर गेली. नव्याच्या खाली टांगलेल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची भाद्रपदापासूनची पानं त्यांनी भराभरा उलटली, बोटानं दिवस मोजले, पुन्हा मोजले.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस. अठ्ठावीस. अठ्ठावीस! एक दिस इकडं न्हाई, एक दिस तिकडं न्हाई. सुशे, माणसाचं शरीर हाय का घड्याळ? आधीच्या वर्षात कधी सव्वीस, कधी एकतीस. आणि गणपतीपासनं एवढी शिस्त? ही बदकं खोटी हायत."

सुशी रडायला लागली आणि मग सगळं बाहेर आलं. श्रावणात नागपंचमीला आईनं पहिली गोळी दिली. मग गणपती-गौरी. मग नवरात्र. मग दिवाळी, चुलत बहिणीचं लग्न, मार्गशीर्षातले गुरुवार. प्रत्येक वेळी गोळ्या. मधेच कधी कपड्यावर डाग दिसला की आई घाबरून दोनाच्या चार गोळ्या करायची. पाळी अशी धड आलीच नाही. आणि घरात विधवा आत्या होती. भावजयीच्या गोळ्यांचा तिला पत्ताच नव्हता. पोरगी बाहेरची होत नाही, हे एवढंच तिनं हेरलं. म्हणून मार्गशीर्षापासून ती पोरीला रोज सकाळी गाजराचं बी, तीळ आणि हिराबोळाचा कडू काढा पाजायला लागली, पाळी यावी म्हणून. सकाळी आत्याचा काढा, संध्याकाळी आईची गोळी. सुशी दोन्ही गिळत होती. आईनं दिलं, आत्यानं दिलं, पोरीनं विचारायचं कुणाला?

"आणि आता आत्या म्हणती, पोरीला दिवस गेल्यात. निपाणीकडचा बिजवर हाय एक, चाळिशीचा. आईतवारी बघाय येणार हायत. शाळा बंद, बाई. मी काय केल्यालं न्हाई, आईशप्पत काय केल्यालं न्हाई."

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या आत्याचा उद्धार करतील. पण त्या म्हणाल्या, "मला खोटी तारीख सांगायची पाळी तुझ्यावर का आली? एवढी बडबड करतो मी, आणि तुला मला सांगाय भ्या वाटलं. चूक माझी हाय."

त्याच दुपारी त्या सुशीला ओळखीच्या लेडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवीची परीक्षा केली. दिवस गेलेले नव्हते. गोळ्यांनी शरीराचा क्रम मोडलाय आणि काढ्यानं पोट बिघडलंय. दोन्ही ताबडतोब बंद करा आणि वाट बघा, महिना-दीड महिना. तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं.

रविवारी सकाळी बाई माझ्या दारात हजर. "चल हुपरीला. तू शुद्ध बोलतीस, लोकांना जरा बरं वाटंल." मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते, आणि एवढ्या आनंदानं कुठं गेलेही नव्हते!

सुशीचं घर दोन खोल्यांचं. एकीत चांदी वितळवायची भट्टी आणि ऐरण, दुसरीत देव, चूल आणि अंथरुणं. बिजवराकडची माणसं दुपारी येणार होती. वडील भाता मारत होते, आई पैंजणाच्या कड्या जोडत होती, आत्या दारातच बसली होती. बाईंनी डॉक्टरीणबाईंचा कागद पुढं केला. आत्यानं तो हातातसुद्धा घेतला नाही.

"कागदाला काय, कुणीबी लिहून देतंय," ती म्हणाली. "पोरगी चार महिनं बाहेर बसल्याली न्हाई. माझं डोळं फुटल्यालं न्हाईत."

"ती बसली न्हाई, कारण तिला रोज गोळी मिळत हुती," बाई म्हणाल्या.

आत्यानं भावजयीकडे पाहिलं. भावजयीनं कड्या खाली ठेवल्या. "मग काय करू, वन्सं?" ती एकदम फुटली. "दोन खोल्या. हिकडं भट्टी, तिकडं देव. तिला बसवू कुठं? रस्त्यावर? सणाला पोरगी अडली की सगळं घर अडतंय. आणि तुमचा तो काढा, मला कुठं ठाव हुता!"

"पावणं," बाई सुशीच्या वडलांकडे वळल्या, "भट्टीला एकानं भाता मारायचा आणि त्याच येळंला दुसऱ्यानं वरनं पाणी ओतायचं. चांदी गळंल?"

वडलांचा हात भात्यावरच थांबला. "कशी गळंल?" ते म्हणाले. त्या दिवशीचा त्यांचा तो पहिला शब्द.

"तुमच्या लेकीचं तेच केलंय ह्या दोघींनी. मायेनं केलंय, पण केलंय. तिचं चालचलन बघू नका, तिचं पोट बघा."

आत्या काही केल्या हटेना. शाळामास्तरणी पोरींना पाठीशी घालणारच, असं म्हणाली. तेव्हा बाई मटकन भट्टीजवळ जमिनीवर बसल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला.

"सुशीच्या आई, तुम्हाला नावं ठेवायचा हक्क मला न्हाई. सात वर्षांमागं जिल्ह्याच्या सामन्याला मी माझ्या पाच पोरींना ह्याच गोळ्या दिल्या. ढाल पायजे हुती मला. डॉक्टरला इचारलं न्हाई, त्यांच्या आयांना इचारलं न्हाई. चौघी निभावल्या. पाचवी चार महिनं आजारी. अंगावरनं थांबंना. तिनं खेळ सोडला, शाळा सोडली. ती आज कुठं हाय मला ठाव न्हाई. ढाल मिळाली, शाळेत कपाटात हाय. मी तिच्याकडं बघत न्हाई." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मी चुकलो. तुम्ही चुकला. पण भोगायचं पोरीनंच व्हय? मला दीड महिना द्या. तेवढ्यात पाळी आली न्हाई, तर मी सोता तुमच्या दारात येऊन तुम्ही म्हणशीला ते ऐकतो."

सुशीचे वडील उठले, त्यांनी अंगात सदरा घातला आणि बहिणीला म्हणाले, "आक्का, पाव्हण्यांना मी स्टँडवरच गाठतो. मॅट्रिक झाल्याबिगर न्हाई म्हणून सांगतो."

तिथून पुढचे ते दिवस! बाई रोज सकाळी फाटकात. हुपरीची गाडी येऊन गेली की सुशी चालत यायची आणि लांबूनच मान हलवायची. नाही. बाई शिट्टी वाजवून वळायच्या. दहा दिवस झाले, वीस झाले. बाईंना जेवण जाईना. मला म्हणायच्या, "येईल की गं. वाटाण्याएवढी का असेना, गाठ हाय, इसरणार न्हाई." आणि लगेच, "न्हाई आली तर मी कुठल्या तोंडानं जाऊ?" मीही गणपतीला नवस बोलले. आता हसू येतं, पाळी येऊ दे म्हणून नवस! पण बोलले.

पस्तिसावा दिवस. प्रार्थना नुकतीच संपलेली, मैदानावर सगळी शाळा रांगेत उभी. फाटकातून सुशी पळत येताना दिसली, आणि तिच्यामागं, चपला हातात घेऊन, पदर सावरत तिची आई! त्या बाईनं शाळा बघितली नाही, मुख्याध्यापिका बघितल्या नाहीत. मैदानाच्या मधोमध उभी राहून तिनं भट्टीवरच्या बाईच्या दणकट गळ्यानं हाक मारली.

"बाई! आली ओ! आली!"

चारशे मुली आणि अठरा शिक्षक. निम्म्यांना काही कळलं नाही. अकरावीच्या मुलींना कळलं आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनी शिट्टी तोंडात घातली आणि श्वास संपेपर्यंत वाजवली. मग पळत जाऊन त्यांनी आधी सुशीच्या आईलाच उचललं. मी रडत होते, हसत होते, आणि माझ्या शेजारी मुख्याध्यापिकाबाई चष्मा काढून विचारत होत्या, "कोण आली? कुणी पाहुण्या आल्यात का?"

सुशी मॅट्रिक झाली, कॉलेजात गेली. मे महिन्यात माझं लग्न होऊन मी नाशिकला गेले. गौरीला माहेरी आले, तेव्हा बाईंचा निरोप आला की सुशीच्या आईनं आपल्या दोघींना हुपरीला जेवायला बोलावलंय. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. पुढं त्यांची पत्रं येत राहिली, भेट मात्र राहूनच गेली.

त्या दिवशी भट्टी झाकून ठेवलेली होती, दोन्ही खोल्यांत पंगत होती. गौर बसवलेली, समोर आम्ही. सुशीच्या आईनं बाहेरच्या खोलीकडे पाहून हाक दिली, "सुशे, पोळ्या आण गं."

"आज तिसरा दिस न्हवं तिचा?" आत्या म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"व्हय, तिसरा," आई म्हणाली. "औंदा गोळी दिल्याली न्हाई."

सुशी उंबऱ्यात परात घेऊन उभी. तिचे पाय पुढं पडेनात. वडील आपल्या ताटाकडे बघत राहिले. आत्या उठली, आपलं ताट उचललं आणि परसात जाऊन बसली. तिला कुणी अडवलं नाही.

"ये की गं," आई म्हणाली. "बाईंचं ताट रिकामं हाय."

सुशी उंबरा ओलांडून आत आली, गौरीच्या समोरून आली, आणि वाकून तिनं बाईंच्या ताटात पोळी वाढली. मला वाटलं, आता बाई भाषण ठोकणार. वाटाणा येणार, कारखाना येणार. पण बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं, ते त्यांनी पुसलंही नाही. त्यांनी पोळी मोडली, घास तोंडाशी नेला आणि मधेच थांबून सुशीकडे वर बघितलं.

"तूप वाढ की गं," त्या म्हणाल्या. "कोरडी कशी खाऊ?"